बांध कुणी धरायचा?

करावे गावातल्या एका घराच्या पडवीत सागाची जाड फळी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. कडा खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या, मधोमध गंजलेली लोखंडी कडी. घरातले ऐंशी ओलांडलेले आजोबा ती कुणाला हलवू देत नाहीत. ही उघाडीची फळी. खाडीच्या बांधाला पाणी सोडण्यासाठी जे तोंड ठेवलेलं असे, तिथे ती बसवायची. भरती आली की फळी खाली, ओहोटी लागली की वर. पावसाचं गोडं पाणी बाहेर जायचं आणि खाडीचं खारं पाणी भातात शिरायचं नाही. रात्री उधाणाची भरती असली तर ज्या घराची पाळी त्या घरातल्या माणसाने कंदील घेऊन बांधावर जायचं. त्याला ताप असला तर भावाने जायचं. एका घराने झोप काढली तर गावाचं खाजण, म्हणजे खाडीकाठची भातजमीन, खारं होई आणि पुढचे दोन-तीन पावसाळे ते शेत धुऊन निघण्याची वाट बघावी लागे.

"बांध मालकीने कुणाचा होता?" मी विचारलं.

"सगळ्यांचा. पण बांधाला खांड पडली की ज्याला पहिली दिसेल त्याचा."

आज त्या खाजणाच्या बाजूने पाम बीच रस्ता जातो. आजोबांचे नातू ऐरोलीत एका आयटी कंपनीत कामाला आहेत. राजकारणाच्या आणि जगाच्या बातम्या वाचताना मला वारंवार ही फळी आठवते, कारण ज्या विचाराला इंग्रजीत कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात, त्या विचाराचा मी माणूस आहे आणि तो विचार मला पुस्तकांपेक्षा या बांधाने जास्त शिकवला.

मराठीत या विचाराला धड नावसुद्धा नाही. 'पुराणमतवादी' म्हटलं की माणूस आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. 'सनातनी' म्हटलं की धर्मशास्त्राचा वाद सुरू होतो. 'उजवा' हा शब्द फ्रान्सच्या सभागृहातल्या बसण्याच्या जागेवरून आलेला, त्यात अर्थ शोधायचा कुठे? ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला आपली वर्तमानपत्रं पिढ्यान् पिढ्या 'हुजूर पक्ष' म्हणत आली, म्हणजे आपल्या कानाला तो सरदार-जहागीरदारांचा पक्ष वाटला. माझ्या मते हा विचार दोन वाक्यांत मावतो. जे पिढ्यान् पिढ्या टिकलं आहे त्यात बहुधा काही शहाणपण असतं. ते मोडायचं असेल तर मोडणाऱ्याने आधी दाखला द्यावा, जपणाऱ्याकडे मागू नये.

हा दाखला कुणी मागितला आणि कुणाला मिळाला, याचा हिशेब मांडायला नवी मुंबईइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल. हे शहर कागदावर आधी जन्मलं. चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी ते शहर उभारण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश, एका आराखड्यात आला. हे तिघे मोठे वास्तुरचनाकार आणि अभियंते होते, त्यांचा हेतू चांगला होता. मुंबईचा श्वास कोंडत होता, हेही खरं. पण आराखड्यात गावठाणं तेवढी वगळली गेली, भोवतीची शेतं घेतली गेली, आणि खाजण, मिठागर, बांध यांनी बांधलेलं जे जगणं त्या गावांत होतं त्याला नकाशावर खूणच नव्हती.

इथे एक तारीख ध्यानात ठेवायला हवी. या पट्ट्यातले आगरी शेतकरी बहुतांश कुळं होते. खोतीविरुद्ध कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात किती झुंज झाली! नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने चरीच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं शेतं पडीक ठेवून संप चालवला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. शेवटी कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याचं नाव जमिनीला लागायचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची जमीन कसल्यावर माणसाला आपला सातबारा मिळाला, आणि पुरती १३ वर्षं झाली नाहीत तोच त्यावर संपादनाची नोंद आली. मुलाच्या नावावर जमीन करून द्यायचं वयही त्यातल्या पुष्कळांना मिळालं नाही.

त्या काळात देशात मालमत्तेच्या हक्काची भाषा बोलणारा एक पक्ष होता. काँग्रेसने जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव केला, त्याच्या विरोधात त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, प्रा. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. शेतकऱ्याची जमीन त्याच्याच मालकीची राहावी, ही त्या पक्षाची ठाम भूमिका. १९६७ च्या लोकसभेत त्यांचे ४४ खासदार निवडून आले. पण महाराष्ट्रातल्या कष्टकरी शेतकऱ्यापर्यंत तो पक्ष पोचला नाही. उरण-पनवेलमध्ये जमिनीच्या मालकीसाठी उभा राहिला तो लाल झेंडा, शेतकरी कामगार पक्षाचा. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई, दास्तान फाटा, नवघर-न्हावाशेवा परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण हुतात्मा झाले. त्यांचं मागणं काय होतं? घेतलेल्या जमिनीचा रास्त मोबदला आणि तिच्या विकासात वाटा. घर, गाव आणि वाडवडिलांचा तुकडा टिकवण्याचं मागणं होतं ते. माझ्या व्याख्येत याहून शुद्ध जपणुकीचं आंदोलन महाराष्ट्रात झालेलं नाही, मग झेंड्याचा रंग कोणताही असो.

त्या रक्ताचं फळ म्हणजे साडेबारा टक्के. १९९० नंतर योजना लागू झाली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. देशात पुढे जमीन घेताना मालकाला भागीदार करण्याच्या ज्या योजना आल्या, त्यांच्या आधीची ही वाट. विमानतळासाठी ती साडेबावीस टक्क्यांपर्यंत वाढली. पण यातली एक गोष्ट मला सतत सलते. परत मिळालेला भूखंडही भाडेपट्ट्याने मिळाला, ६० वर्षांच्या. नवी मुंबईत लाखो माणसं ज्याला 'माझं घर' म्हणतात त्या इमारतीखालची जमीन सिडकोची असते. घर विकायचं तर हस्तांतरण शुल्क, ना हरकत दाखला, फेऱ्या. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंना नवऱ्यामागे घर स्वतःच्या नावावर करून घ्यायला फाइलींची एक पिशवीच करावी लागली. ती पिशवी बाई स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे ठेवत, हरवू नये म्हणून. अलीकडच्या काळात भाडेपट्ट्याऐवजी मालकी हक्क देण्याची चर्चा आणि निर्णय सुरू झाले, ही या शहराच्या ५० वर्षांतली सर्वांत चांगली बातमी आहे असं मी मानतो. मालक असलेला माणूस गटार तुंबलं की स्वतः वाकून बघतो. भाडेकरू तक्रार लिहितो.

मालमत्तेच्या हक्काची देशपातळीवरची कथाही याला जोडून वाचावी. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढला गेला आणि कलम ३०० अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून उरला. ती दुरुस्ती जनता सरकारच्या काळातली, ज्या सरकारात जनसंघही होता. मग ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता म्हणजे समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे. हा खटला मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मालकांनी म्हाडा कायद्यावरून लढवला होता. टीव्हीवर त्या दिवशी फारशी चर्चा झाली नाही, कारण राज्यात विधानसभा निवडणुकीचा धुरळा उडाला होता. माझ्या दृष्टीने त्या वर्षातली ती मोठी बातमी होती.

त्या निवडणुकीत महायुतीला २३० जागा मिळाल्या, एकट्या भाजपला १३२. इतकं बहुमत मिळालं की आमच्यासारख्या मतांच्या माणसाने आनंद मानायचा, असं सगळे धरून चालतात. मी या पक्षांना मत दिलेलं आहे आणि ते सांगायला मला संकोच नाही. पण मत दिलं म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, ही सवय आमच्या बाजूला फार जडली आहे. सत्तेवरचा उजवा पक्ष पूल, बंदर, विमानतळ, महामार्ग यांच्या आकड्यांत बोलतो, १९७० मधले नियोजनकार बोलत होते तसाच. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, २१.८ किलोमीटर. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्या नाताळात, २५ डिसेंबरला, पहिली प्रवासी विमानं उडाली. मीही त्या दिवशी गच्चीवर जाऊन बघितलं, मान वर करून, आणि मला आनंद झाला. त्याच गच्चीवरून पूर्वी उलव्याची टेकडी दिसायची, नव्वदेक मीटर उंच. ती धावपट्टीसाठी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठली: चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे. ही नावं मुद्दाम लिहितो. विमानतळाच्या माहितीपुस्तिकेत धावपट्टीची लांबी असते, गावांची नावं नसतात.

विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली, २४ जूनला सिडकोला घेराव झाला. २०२२ मध्ये राज्याने ती मागणी मान्य केली. शहरातल्या काही सुशिक्षितांना हा हट्ट वाटला, "नावात काय आहे" असं म्हणणारेही भेटले. ज्याचं शेत, टेकडी आणि नदी गेली त्याला नाव उरतं. तेवढं तरी त्याच्या माणसाचं असावं, यात हट्ट कसला?

आता दुसरी बाजू, आणि ती टाळून पुढे गेलो तर माझं म्हणणं खोटं ठरेल. याच जुन्या कुलाबा जिल्ह्यात महाड आहे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव आणला, महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं असल्याचं जाहीर केलं, तरी अस्पृश्यांना पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्याचं पाणी प्याली. परतताना त्यांना मारहाण झाली आणि नंतर 'परंपरा' जपणाऱ्यांनी ते तळं गोमूत्र-शेणाने 'शुद्ध' केलं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला, मुलीचं वय १० वरून १२ करण्याच्या कायद्याला. टिळकांचा मुद्दा परक्या सरकारने घरात शिरू नये असा होता, आणि त्या मुद्द्यात तथ्यही होतं. पण ते तथ्य मान्य करूनही दहा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढून हलत नाही. आगरकर तिथे बरोबर होते.

मग जपायचं ते कशाच्या आधारावर? मला उत्तर पुन्हा बांधावरच सापडतं. बांधाची पाळी सर्वांना होती आणि बांधाचा फायदाही सर्वांना होता. महाडच्या तळ्यावरचा पहारा ज्यांना पाणी मिळत होतं त्यांनी बसवला होता आणि किंमत दुसऱ्याने मोजली. ज्या परंपरेचा भार एकावर आणि फळ दुसऱ्याला, ती परंपरा दाखला देऊ शकत नाही. जपण्याजोगी परंपराही इथेच आहे. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. लग्नाचे विधी ती गाण्यांतून लावते, मांडवात तिच्या शब्दाला मान असतो. या किनाऱ्याने जी गोष्ट जपली आहे तिच्यात शिकलेली-न शिकलेली बाई लग्न लावते, आणि शहरातल्या प्रगत मंडळींना ती आता कुठे नव्याने सुचते आहे! आज धवलारिणी मोजक्या उरल्या, कारण हळदीत डीजेचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा झाला. हे नुकसान कुठल्याही कायद्याने झालं नाही, आमच्या निष्काळजीपणाने झालं.

स्थानिक राज्यकारभाराबद्दल मात्र दोष सरळ मुंबईतल्या मंत्रालयाचा आहे, सगळ्या पक्षांच्या मंत्रालयाचा. नवी मुंबई महापालिकेची निवडणूक २०१५ मध्ये झाली, मुदत मे २०२० मध्ये संपली आणि मग थेट १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. मध्ये सरकारं बदलली, पक्ष फुटले, करोना आला, ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात लांबला. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. साडेपाच वर्षं १११ जागांच्या सभागृहात एकही निवडून आलेला माणूस नव्हता, प्रशासक होता. पदपथ उखडला तर कुणाच्या दारात जायचं? जी माणसं राष्ट्राच्या वैभवाबद्दल तासभर बोलू शकतात त्यांनी गल्लीच्या नगरसेवकाबद्दल चकार शब्द काढला नाही, याचा मला राग आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. ती इंग्रजांच्या राज्यात स्थापन झाली आणि तिचं महापालिकेत रूपांतर झाल्यावर, स्वराज्यात, तिच्यावरही २०२२ मध्ये प्रशासक बसला.

आणि ही संस्था नीट चालली तर काय होतं हेही या शहराने दाखवलं आहे. खालापूरजवळचं मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे. स्वतःचं धरण असलेली महापालिका राज्यात दुर्मीळ. शेजारची शहरं पाणीकपातीत असताना आमच्या नळाला पाणी असतं ते कुणी केंद्रातून धाडलेलं नाही. उलट सिडको आणि महापालिका या दोन घरांच्या भांडणात मैदानं आणि शाळांसाठी मागितलेले भूखंड विक्रीला निघतात, ते वाद वर्षानुवर्षं चालतात, आणि मधल्या मध्ये मुलांची एक पिढी मैदानाविना मोठी होते.

पाण्याचंच पुढे चालवतो. खाडीशेजारच्या सखल जमिनीवर शहर वसवताना सिडकोने धारण तलाव केले. भरतीच्या वेळी दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला बाहेर जातं. अर्थात उघाडीचीच ही मोठी आवृत्ती. फरक एवढाच की पाळी कुणाची ते कुणाला माहीत नसतं. तलावांत गाळ भरला, गाळावर कांदळवन उगवलं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवनाला हात लावायचा तर परवानगी लागते. आदेश योग्यच होता, कांदळवन हा खाडीचा बाहेरचा बांध आहे. पण तलाव उपसलाच नाही तर पाणी सेक्टरांत शिरणार. जुन्या महसुली व्यवस्थेत अशा बांधाच्या जमिनींना शिलोत्री म्हणत, बांधाच्या दुरुस्तीसाठी खातेदारांकडून धान्याची वेगळी पट्टी घेतली जाई. १९४८ च्या खारजमीन कायद्याने सरकारी मंडळ आलं आणि हळूहळू बांधाकडे बघणं हे सरकारी काम झालं. उरण-पेणच्या खाजणांत आज खांडी पडतात तेव्हा शेतकरी अर्ज करतो आणि अर्ज टेबलावर असताना उधाण येऊन जातं. पर्यावरणाची चळवळ डाव्यांची आणि विकास उजव्यांचा, ही वाटणी कुणी केली कोण जाणे. पूर्वजांकडून आलेली खाडी नातवाला देणं याहून जास्त परंपरेचं काम कोणतं? ब्रिटिश विचारवंत रॉजर स्क्रूटन यांनी २०१२ मध्ये याच मुद्द्यावर सबंध पुस्तक लिहिलं. करावे-दिवाळ्याच्या कोळ्यांना त्यासाठी स्क्रूटन वाचायची गरज नव्हती.

देवळांबाबतही मला हेच म्हणायचं आहे. उलव्यात खाडीकिनारी तिरुपती देवस्थानच्या मंदिरासाठी राज्याने १० एकर जागा दिली, जून २०२३ मध्ये भूमिपूजन झालं. किनारा नियमन क्षेत्राच्या मुद्द्यावरून पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली. मी बालाजीला जाऊन आलेला माणूस आहे. मंदिर इथे व्हावं असं मलाही वाटतं, पण भरतीच्या पाण्याची जागा सोडून. पावण्याच्या औद्योगिक पट्ट्यातलं बावखळेश्वर मंदिर न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडलं गेलं तेव्हा अनेकांना वाईट वाटलं, मलाही. तरीही जमिनीवरचा ताबा बेकायदा होता, आणि गावदेवीच्या दीड खणी देवळाला जो कायदा लागतो तो मोठ्या मंदिरालाही लागला पाहिजे.

भाषेच्या बाबतीत २०२५ ने मोठाच धडा दिला. १६ एप्रिलला राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य करण्याचा निर्णय काढला, जूनमध्ये तो बदलला, २९ जूनला मागे घेतला. ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा देणाऱ्यांच्याच राजवटीत हे घडावं? सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादायला कुणी मागणी केली होती, कुठल्या शिक्षकांनी, कुठल्या पालकांनी? दाखला मागायचा असतो तो इथे. वाशी स्थानकाजवळ निरनिराळ्या राज्यांची भवनं ओळीने उभी आहेत, आमच्या इमारतीत पाच भाषा बोलल्या जातात आणि कुणी कुणाला शिकवायला लागलं नाही. मराठी टिकेल ती घरात आणि शाळेत, आणि मराठी शाळेचे वर्ग बंद पडत असताना दुकानदाराच्या कानशिलात मारून ती टिकणार नाही. ते करणाऱ्यांनी माझ्या भाषेला मान खाली घालायला लावली.

मराठा आरक्षणाचा प्रश्नही याच शहरातून जातो. मुंबई बाजार समिती मशीद बंदरातून वाशीला आली, तिच्यामागून माथाडी आले, आणि माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांनी याच मागणीसाठी मार्च १९८२ मध्ये प्राण दिले. जानेवारी २०२४ मध्ये मनोज जरांगे यांचा मोर्चा वाशीत थांबला, तेव्हाचे मुख्यमंत्री इथे येऊन अधिसूचनेचा मसुदा देऊन गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा आधार मानणारा शासन निर्णय निघाला. मी याकडे शेतीच्या अंगाने बघतो. तुकडे होत गेलेली जमीन आणि भाव नसलेलं पीक यांनी माणसाला दाखल्याच्या रांगेत उभं केलं. रांग लांबवून शेत सुधारत नाही.

जगाच्या बातम्या इथे दूरच्या वाटत नाहीत. जेएनपीए बंदर १९८९ पासून चालू आहे, २०२४–२५ मध्ये तिथे ७३ लाख टीईयू इतकी कंटेनर वाहतूक झाली. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा उरणच्या ट्रेलरचालकाच्या फेऱ्यांचं गणित बिघडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं. त्याच वर्षी मे महिन्यात नवी मुंबईत विकिरण करून पाठवलेल्या आंब्याच्या १५ खेपा कागदपत्रांतल्या त्रुटी काढून अमेरिकेने विमानतळांवरच नाकारल्या. सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जाला एक लाख डॉलर शुल्क. ज्या घरात मुलगा न्यू जर्सीत आणि आईवडील नेरूळच्या सातव्या मजल्यावर, त्या घरात ही बातमी ऐकून दोघांचा रात्रभर डोळा लागला नाही, हे मी शेजारी राहून बघितलं आहे.

माझ्यासारख्यांची इथे खरी परीक्षा आहे. रेगन आणि थॅचर यांच्या काळात कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे खुला व्यापार. ट्रम्प यांच्या काळात तटबंदी. दोघांनाही टाळ्या वाजवणारे आपल्याकडे तेच लोक आहेत. ट्रम्प आपल्या गावाची, आपल्या कारखान्याची बाजू घेतात एवढं मला कळतं आणि पटतं. ज्या न्यायाने ते अमेरिकी कामगाराला जपतात, त्याच न्यायाने भारताने दूध आणि शेतमालाच्या बाजाराचं दार लावून घेतलं तर त्यांनी रागावू नये. पण दरवाजा सकाळी उघडा, दुपारी बंद, संध्याकाळी अर्धा, हे जपणुकीचं लक्षण नव्हे. फळी भरतीच्या वेळापत्रकाने टाकायची असते, मनात येईल तेव्हा नव्हे. ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष १४ वर्षं सत्तेत राहून जुलै २०२४ मध्ये हरला, कारण त्या १४ वर्षांत त्याने नक्की काय जपलं ते त्याच्याच मतदाराला सांगता येईना. इटलीत मेलोनी, जपानमध्ये ताकाइची आल्या, त्यांना अजून उत्तर द्यायचं आहे. आपल्याकडच्या सत्ताधाऱ्यांनाही.

हा प्रश्न मागचा नाही, पुढचा आहे. २०२४ मध्ये राज्याने अटल सेतूपलीकडे आणखी एका शहराची तयारी केली. उरण, पनवेल, पेण तालुक्यांतली १२४ गावं, कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर. आधीच्या, विमानतळाभोवतीच्या 'नैना' या नगरयोजनेला विरोध करून शेतकरी दमलेले असताना हे दुसरं. यातलं चिरनेर म्हणजे जंगल सत्याग्रहाचं चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगरात आपल्याच रानातली झाडं तोडायला निघालेल्या गावकऱ्यांवर इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दर वर्षी त्या दिवशी हुतात्म्यांना पोलीस मानवंदना देतात, मंत्री येतात, शाळेची मुलं ऊन डोक्यावर घेऊन उभी राहतात. मी दोनदा गेलो आहे. दुसऱ्या खेपेला कार्यक्रम संपल्यावर एका शेतकऱ्याने मला त्याचं शेत दाखवलं, भात पोटरीत आलं होतं, आणि खिशातून घडी घातलेला सातबारा काढून विचारलं, "यात आमचं नाव किती वर्षं राहील?" मी त्याला करावे गावातल्या आजोबांचा पत्ता दिला. पुढच्या रविवारी दोघं भेटले. आजोबांनी त्याला आधी ती फळी दाखवली, मग आपल्या संपादनाच्या नोटिशीची जीर्ण प्रत, आणि तिच्यावर कुठल्या रकान्यात, कोणत्या तारखेच्या आत हरकत लिहायची राहून गेली होती, ती जागा बोटाने दाखवली.